नंबर डोळ्याचा की स्क्रीनचा?

"साहेब, चष्मा बदलून बी अक्षरं मुंगीवानीच दिसायलेत. आता डोळेच गेले म्हणायचे का?"

नांदेडच्या वजिराबाद भागातल्या एका प्रेसमध्ये हे गृहस्थ गेली बावीस वर्षं कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका, बिलबुकं आणि निवडणूक आली की पत्रकं लावतात. वय ५२. चार महिन्यांत ते माझ्याकडे तिसऱ्यांदा आले होते. पहिल्या वेळी मी जवळचा नंबर +२.०० दिला. दुसऱ्या वेळी तक्रार तीच, म्हणून वाढवून +२.५० केला. दोन्ही वेळा माझ्या हातातलं वाचनाचं कार्ड त्यांनी घडाघडा वाचून दाखवलं होतं. पडदा चांगला, डोळ्याचा दाब चांगला, मोतीबिंदू नावाला. शुगरही तपासून झाली होती, ती नॉर्मल.

तिसऱ्या वेळी मला जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. "कॉम्प्युटर बदललाय का हो?"

"दिवाळीत मालकानं नवा स्क्रीन घेतलाय ना साहेब. लई मोठा. २७ इंची, फोर-के."

तक्रारीही दिवाळीनंतरच्याच होत्या. आता तुम्ही म्हणाल, मोठा स्क्रीन आला तर अक्षर मोठं दिसायला पाहिजे, बारीक कसं? मलाही तेच वाटलं. म्हणून एका संध्याकाळी ओपीडी आटोपून, जाता जाता त्यांच्या प्रेसमध्ये डोकावलो. ते मान कासवासारखी पुढे काढून, नाक जवळजवळ स्क्रीनला टेकवून बसले होते. टेप लावून मोजलं. डोळ्यापासून स्क्रीन ३८ सेंटिमीटर. जुन्या स्क्रीनवर ते हातभर लांब, म्हणजे साधारण ७० सेंटिमीटरवर बसायचे.

आता या मानेत माझाही वाटा होता, तो आधी कबूल करतो. जवळचा चष्मा एका ठराविक अंतरासाठी असतो. +२.५० चा चष्मा म्हणजे ४० सेंटिमीटर. त्या वयात त्यापलीकडचं सगळं धूसर. मी नंबर वाढवला तेव्हा त्यांना स्क्रीनच्या आणखी जवळ जाण्यावाचून पर्यायच ठेवला नाही. मानदुखीची गोळी ते दुसऱ्या डॉक्टरांकडून घेत होते.

पण मूळ दुखणं स्क्रीनच्या हिशेबात होतं. तो हिशेब समजायला अवघड नाही.

ठिपक्यांची रांगोळी डोळ्यासमोर आणा. अकरा ठिपके अकरा ओळी. ठिपके एकमेकांपासून बोटभर अंतरावर काढले तर रांगोळी अंगणभर होते; तेच ठिपके गव्हाच्या दाण्याइतक्या अंतरावर काढले तर तीच रांगोळी तळहातावर मावते. ठिपके तेवढेच, नक्षी तीच, आकार वेगळा. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरचं प्रत्येक अक्षर ही अशीच ठिपक्यांची रांगोळी आहे. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. त्यांच्या जुन्या १८.५ इंची स्क्रीनवर एका इंचात सुमारे ८५ ठिपके होते. नव्या २७ इंची फोर-के स्क्रीनवर एका इंचात १६३. स्क्रीन मोठा झाला, पण ठिपके त्याहून जास्त दाट झाले. जुन्या सॉफ्टवेअरला वाटतं, आपण मेनूतलं अक्षर १२ ठिपके उंचीचं काढलं, काम झालं. जुन्या स्क्रीनवर ते १२ ठिपके म्हणजे ३.६ मिलिमीटर. नव्यावर १.९. जवळजवळ निम्मं.

आणि हे १.९ मिलिमीटरही वरच्या-खालच्या जागेसकट. इंग्रजी लहान अक्षराचं प्रत्यक्ष अंग त्याच्या साधारण निम्मं असतं, म्हणजे जेमतेम १ मिलिमीटर. देवनागरीत तर त्याच उंचीत वरच्या मात्रा, अनुस्वार, रफार आणि खालचे उकार कोंबायचे असतात, त्यामुळे मूळ अक्षराला आणखी कमी जागा उरते.

माझ्या तपासणीच्या खोलीत भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे. १८६२ साली हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरांनी ही पद्धत बसवली. त्यांचा नियम असा की ६/६ दृष्टीच्या ओळीतलं अक्षर डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन करतं (इथे मिनिट म्हणजे एका अंशाचा साठावा भाग). हाच कोन ७० सेंटिमीटरवर धरला तर अक्षराची उंची येते साधारण १ मिलिमीटर. म्हणजे हे गृहस्थ ७० सेंटिमीटरवरून दिवसाचे दहा तास तक्त्यावरची शेवटची ओळ वाचत होते. शेवटची ओळ चांगल्या डोळ्याला वाचता येते, पण त्यावर कोणी पोट भरू शकत नाही. आरामात वाचायला अक्षर त्या मर्यादेच्या निदान दुप्पट लागतं. त्यांच्या जुन्या स्क्रीनवर ते जवळपास तेवढंच होतं. बावीस वर्षं डोळ्यांनी तक्रार केली नाही ती उगीच नाही.

गंमत म्हणजे कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी अंतराचा हा विचार पूर्वी केलेला होता. छपाईत एका इंचाचे ७२ पॉइंट मानतात. विंडोजने मात्र स्क्रीनचा इंच ९६ ठिपक्यांचा धरला. कारण सरळ: स्क्रीन पुस्तकापेक्षा लांब असतो, मग त्यावरचं अक्षर कागदावरच्यापेक्षा एक तृतीयांशाने मोठं असायला हवं. नेत्रतज्ज्ञाला आवडावा असा हिशेब. फक्त तो स्क्रीनच्या इंचात ९६ च्या आसपास ठिपके असेपर्यंतच खरा. २०१२ मध्ये ॲपलने १५.४ इंची लॅपटॉपवर २८८० गुणिले १८०० ठिपके बसवले, म्हणजे इंचात २२०. पुढे सगळ्यांनीच ती वाट धरली आणि ९६ चा हिशेब मोडला.

यावर तोडगा म्हणून कॉम्प्युटरमध्ये स्केल नावाचं सेटिंग असतं. १५० टक्के ठेवलं की जिथे २ ठिपके लागायचे तिथे ३ वापर, असं विंडोज सॉफ्टवेअरला सांगतं. नवीन सॉफ्टवेअर ते ऐकतं आणि अक्षर मोठं करून नव्याने, रेखीव काढतं. जुन्याला ही भाषाच येत नाही. मग विंडोज त्याला जुन्या मापाने चित्र काढू देतं आणि ते चित्र ताणून मोठं करतं. पासपोर्ट फोटो झेरॉक्सवर मोठा केल्यावर चेहऱ्याचं जे होतं तेच अक्षरांचं होतं. एका ठिपक्याचा दीड ठिपका करायचा, पण अर्धा ठिपका नावाची वस्तू अस्तित्वात नाही. म्हणून काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये राखाडी रंग भरला जातो आणि कडा विरघळतात.

आमच्या प्रेसवाल्यांनी हेही भोगलं होतं. अक्षर बारीक दिसतं म्हटल्यावर कॉम्प्युटर बसवणाऱ्याने स्केल १५० करून दिलं. अक्षर मोठं झालं, पण सगळं धुक्यात. त्या पंधरवड्यात एका पत्रिकेत आडनावातल्या "घ" चा "ध" झाला. देवनागरीत घ-ध, भ-म, ष-प, ब-व अशा जोड्या एका बारीक रेघेवर किंवा गाठीवर उभ्या आहेत. कडा पुसट झाल्या की पहिला बळी यांचा. लग्नघरच्यांनी पत्रिका परत पाठवल्या, ३०० नव्याने छापाव्या लागल्या आणि कागदाचे पैसे यांच्या पगारातून गेले. नंतर यांनीच सांगून स्केल परत १०० करून घेतलं. धुक्यापेक्षा मुंग्या बऱ्या, म्हणाले.

"नवीन सॉफ्टवेअर घ्या" असं सांगणं सोपं आहे. पण मराठी छपाईतली अनेक कामं अजून जुन्या फॉन्टमध्ये आहेत, जे युनिकोड नाहीत. ती फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ सालची, त्यानंतर पुढची आलीच नाही. तरी ती किती प्रेसमध्ये अजून चालू असेल ते तुम्हीच आजूबाजूला विचारा. पान मोठं करून पाहता येतं हे खरं, पण मेनू, टाइपचा आकार लिहायची चौकट, कडेच्या छोट्या खिडक्या, हे काही त्याबरोबर मोठं होत नाही. बावीस वर्षांचा मजकूर टाकून देऊन माणूस नव्याने सुरुवात करू शकत नाही.

आम्ही केलं ते असं. गोदामात पडलेला जुना १८.५ इंची स्क्रीन काढून पुसला आणि नव्याच्या शेजारी जोडला. मजकूर लावायचा आणि प्रूफ वाचायचं जुन्यावर. रंगीत कव्हर, फोटो नव्यावर. दोन्हींचं स्केल १००. आणि मी चष्मा बदलला: +२.५० काढून फक्त स्क्रीनसाठी +१.५०, म्हणजे ६५-७० सेंटिमीटरचा. महिन्याने ते आले तेव्हा मान सरळ होती. अक्षर स्वच्छ दिसतं म्हणाले. संध्याकाळी डोळे जळतात ते मात्र अजून आहे, त्याचं कारण समोरून तोंडावर येणारा कूलर.

इथवर मी दुसऱ्याची गोष्ट सांगितली. आता माझ्या दवाखान्यातली सांगतो. ही लिहावी की नाही याचा बरेच दिवस विचार केला.

लातूरला क्लाससाठी राहणारी एक मुलगी, गाव अहमदपूरकडचं. नीटची तयारी. सुट्टीत आई तिला घेऊन आली, मी नंबर काढला, चष्मा आमच्याच काउंटरवरून बनवून दिला. पाच आठवड्यांनी दोघी परत आल्या. मुलीचं डोकं रोज दुखत होतं, फळ्यावरची अक्षरं तिरकी ओढल्यासारखी वाटत होती, सराव परीक्षेचे मार्क घसरले होते. आई वैतागलेली. "अभ्यासाचा कंटाळा आलाय सर तिला, दुसरं काही नाही." मुलगी खाली मान घालून गप्प. तिलाही तसंच वाटायला लागलं असावं.

मी चष्मा मशिनवर ठेवला. तिचा सिलिंडर नंबर १.५०, अक्ष १८०. चष्म्यात अक्ष १८ होता. दुसऱ्या डोळ्याचा १७५ हवा होता, तिथे १७.

सिलिंडर नंबराला दिशा असते, तिलाच अक्ष म्हणतात, १ ते १८० अंश. नंबर बरोबर आणि दिशा चुकीची असेल तर काच मदत करण्याऐवजी नवा दोष तयार करते. दिशा ३० अंशांनी चुकली तर मूळ दोष होता तितकाच दोष दुसऱ्या दिशेने शिल्लक राहतो. इथे १८ अंशांची चूक, म्हणजे दीड नंबरातला जवळपास ०.९ उरला, तोही तिरका. त्या मुलीला पाच आठवडे आम्ही हे घालायला लावलं होतं.

माझ्या कागदावर १८०, कॉम्प्युटरमध्ये १८०, प्रिंटवर १८०. काउंटरवरच्या ताई मात्र काचेची ऑर्डर स्क्रीनवर पाहून हाताने फॉर्मवर लिहीत. काउंटरवर नुकताच नवा, दाट ठिपक्यांचा कॉम्प्युटर आला होता आणि त्याचं स्केल १५०. आमचं ओपीडीचं सॉफ्टवेअर जुनं. त्यात अक्षरं मोठी झाली, पण अक्षाची चौकट होती तेवढीच राहिली. तीन अंकांतला शेवटचा अंक चौकटीबाहेर जाऊन कापला जात होता. १८० चं १८, १७५ चं १७. आणि ९० चं ९०, ४५ चं ४५ अगदी बरोबर, म्हणून कुणाला संशय आला नाही. तयार चष्मा तपासला जातो, पण तो त्याच फॉर्मशी ताडून. फॉर्मवर १८, चष्म्यात १८, टिकमार्क.

त्या रात्री बसून नवा कॉम्प्युटर आल्यापासूनचे सगळे फॉर्म काढले. अक्ष १०० च्या वर असलेले आणखी चार रुग्ण सापडले. त्यातल्या एका आजोबांनी चष्मा "मानवत नाही" म्हणून कपाटात ठेवून दिला होता, विचारायलाही आले नव्हते. सगळ्यांना फोन केले, काचा बदलून दिल्या. मुलीला आणि तिच्या आईला समोर बसवून काय झालं ते सांगितलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते माझ्यावरच्या रागाने की लेकीला बोलल्याच्या दुःखाने, मला कळलं नाही. आता काउंटरवर ऑर्डर स्क्रीनवरून लिहायची नाही, प्रिंटवरूनच, असा नियम आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो, स्क्रीन तीन प्रकारे फसवतो: अक्षर बारीक करून, पुसट करून आणि कापून. पहिल्या दोन्हींत निदान त्रास होतो म्हणून कळतं. तिसऱ्यात सगळं स्वच्छ दिसतं आणि आकडा चुकीचा असतो. जे लोक स्क्रीन बघून औषधाचं प्रमाण, बँकेची रक्कम, सातबाऱ्याचा गट नंबर लिहून घेतात त्यांनी नवा कॉम्प्युटर आल्यावर पहिल्या दिवशी एक लांबलचक आकडा टाकून तो पूर्ण दिसतो का, एवढं पाहावं.

दोष डोळ्याचा की स्क्रीनचा, हे घरच्या घरी बरंचसं ओळखता येतं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये पुसट दिसतं त्याच्या शेजारी, तितक्याच अंतरावर, इंटरनेटचं एखादं पान उघडा. ते रेखीव आणि हे पुसट, तर डोळा निर्दोष आहे. एकच डोळा एकाच स्क्रीनवर निवडून अंधुक पाहत नाही. आणखी खात्री हवी असेल तर मोबाइलने त्या अक्षरांचा जवळून फोटो काढा आणि मोठा करून पाहा. फोटोतही कडा विरघळलेल्या असतील तर तो पुसटपणा स्क्रीनवरचाच. मोबाइलला काही चाळिशी लागलेली नसते. उलट, इंटरनेटचं पान, वर्तमानपत्र, भिंतीवरच्या कालनिर्णयातली तिथी असं सगळंच धूसर असेल तर माझ्याकडे किंवा तुमच्या जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे या.

सेटिंगचं काम पाच मिनिटांचं आहे. डेस्कटॉपवर मोकळ्या जागी राइट क्लिक करा, डिस्प्ले सेटिंग्जमध्ये स्केल सापडेल. आपल्या नेहमीच्या अंतरावर ताठ बसून, पुढे न झुकता वाचता येईल इतकं ते वाढवा. एखादंच जुनं सॉफ्टवेअर पुसट होत असेल तर त्याच्या मूळ फाइलवर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज. तिथे ओव्हरराइडच्या चौकटीवर टिक केली की तीन पर्याय येतात. "ॲप्लिकेशन" निवडलं तर अक्षर रेखीव पण बारीक, "सिस्टिम" म्हणजे ताणलेलं चित्र आणि "सिस्टिम (एनहान्स्ड)" म्हणजे विंडोज जुन्या सॉफ्टवेअरची अक्षरं स्वतः नव्याने काढायचा प्रयत्न करतं. हा शेवटचा पर्याय २०१७ पासून आहे. प्रत्येक सॉफ्टवेअरला लागू पडत नाही, पण लागू पडला तर मुंग्या आणि धुकं दोन्ही जातात. जमत नसेल तर घरातल्या पोराला सांगा, त्याला चाट पडेल इतकं सोपं वाटेल.

एक गोष्ट मात्र विकत घेऊ नका: डोळे थकतात म्हणून ब्लू-कट काचा. २०२३ च्या कोक्रेन समीक्षेत, कॉम्प्युटरवर काम करताना डोळ्यांना येणारा थकवा या काचांनी थोड्या काळात तरी कमी होतो असं दिसलं नाही. ते पैसे टेबलाच्या योग्य उंचीवर खर्च करा.

आणि काही तक्रारींत स्क्रीनच्या नादी लागून वेळ घालवायचा नाही. एकाच डोळ्याने अचानक कमी दिसणं, दाराची चौकट किंवा टाइल्सच्या रेषा वाकड्या दिसणं, डोळ्यासमोर पडदा सरकल्यासारखं किंवा वीज चमकल्यासारखं होणं, दिव्याभोवती रंगीत वलयं आणि सोबत डोळा दुखणं: यात त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधुमेह असेल आणि नंबर दर पंधरा दिवसांनी बदलल्यासारखा वाटत असेल तर आधी शुगर तपासा. शुगर खालीवर झाली की नंबरही हलतो, तेव्हा काढलेला चष्मा वाया जातो.

चष्म्यासाठी येताना आता एक काम करून या. तुम्ही नेहमी बसता तसे बसा, घरातल्या कुणाला तरी डोळ्याच्या कोपऱ्यापासून स्क्रीनपर्यंत दोरा धरायला सांगा आणि त्या अंतरावर गाठ मारा. तो दोरा आणि स्क्रीनचा एक फोटो सोबत आणा. प्रेसवाल्यांचा दोरा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. ६८ सेंटिमीटर.